पहिली वीस मिनिटं झकास, मग रखडपट्टी

या महिन्याच्या पत्रांत तक्रार बहुतेक एकच आहे: पाच-सात वर्षांचा डेस्कटॉप आणि त्यावर पूर्वी सुसाट धावणारे गेम आता अडखळायला लागलेत. दुकानात विचारलं की दोनच उत्तरं मिळतात, ‘फॉरमॅट मारा’ नाहीतर ‘ग्राफिक्स कार्ड बदला’. आमचा उलट प्रश्न असतो: मंदावतं ते कसं? दर वेळी थोडं खेळून झाल्यावर, एका दिवसात अचानक, की फक्त नव्या गेममध्ये? ही तीन वेगळी दुखणी आहेत. पत्रात एवढं एक वाक्य असलं तरी निम्मं निदान होतं.

प्रश्न: आय५-८४०० प्रोसेसर, जीटीएक्स १०६० कार्ड, १६ जीबी रॅम. मशीन २०१८ मधलं. गेम सुरू केल्यावर वीस मिनिटं ७०-८० एफपीएस (सेकंदाला पडद्यावर येणारी चित्रं) मिळतात, मग ४०वर येतात आणि पंख्यांचा आवाज शेजारच्या खोलीत ऐकू येतो. एप्रिल-मेमध्ये त्रास जास्त. दोनदा फॉरमॅट केलं, फरक शून्य.
— एक वाचक, सिंहगड रस्ता

उत्तर: ठरावीक वेळानं येणारी मंदी म्हणजे उष्णता, हे जवळजवळ नक्की. तुमचा प्रोसेसर गार असताना सहाही कोअरवर ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत धावतो. १०० अंशांना टेकला की जीव वाचवायला स्वतःच वेग कापतो. १०६० कार्डही साधारण ८३ अंशांच्या आसपास तेच करतं. विंडोज कितीही वेळा नव्यानं टाकलं तरी हीटसिंकमधली (चिपची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या पट्ट्यांमधली) धूळ तिथंच राहते, म्हणून फॉरमॅटनं काही झालं नाही.

तरी हात घालण्याआधी मोजा. एचडब्ल्यूइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर उघडताना ‘सेन्सर्स ओन्ली’वर टिक करा, ते मागे चालू ठेवून अर्धा तास खेळा आणि मग ‘मॅक्सिमम’चा रकाना वाचा. ‘सीपीयू पॅकेज’ ९५च्या वर गेलं असेल आणि ‘थर्मल थ्रॉटलिंग’समोर ‘येस’ आलं असेल तर दोष प्रोसेसरच्या कूलरकडे. कार्डाच्या गटात ‘परफॉर्मन्स लिमिट – थर्मल’समोर ‘येस’ असेल तर दोष कार्डाकडे. यानंतर कॅबिनेटची बाजूची पत्री काढून तोच गेम तेवढाच वेळ खेळा. तापमान आठ-दहा अंश उतरलं तर आत हवा कोंडते आहे. जेमतेम दोन-तीन अंश उतरलं तर हीटसिंक चोंदलाय किंवा चिप आणि कूलर यांच्यामधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळलीय.

हवा कोंडण्याचं आपल्याकडचं नेहमीचं कारण कॅबिनेटच्या आत नसतं, बाहेर असतं. कॉम्प्युटर टेबलाच्या खालच्या प्लायवूडच्या कप्प्यात कॅबिनेट ठेवलेलं, मागे फळी, वर ड्रॉवर. पंख्यानं बाहेर टाकलेली गरम हवा पुढच्या जाळीतून परत आत जाते. कॅबिनेट बाहेर काढून भिंतीपासून चार-पाच इंच लांब ठेवा. फुकटचा उपाय आहे, आणि बऱ्याच घरांत एवढ्यावरच भागतं.

आता सफाई. भिंतीवरचा स्विच बंद, वायर काढलेली, मग पॉवरचं बटण पाच-सहा सेकंद दाबून उरलासुरला करंट काढून टाका. कॅबिनेट गॅलरीत न्या. ब्लोअर मारताना प्रत्येक पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा; झोतानं पंखा मोकाट फिरला की बेअरिंग जातं. घरातला व्हॅक्यूम क्लीनर बोर्डाला लावू नका, स्टॅटिकनं एखादा भाग उडतो. रस्त्याकडची खोली असेल तर सिमेंटची बारीक धूळ असते, तिला उदबत्तीचा आणि फोडणीचा धूर चिकटतो, वर पावसाळ्यातली दमट हवा. त्यातून हीटसिंकच्या पट्ट्या आणि पंखा यांच्यामध्ये एक करडा थर बसतो. तो वरून दिसत नाही आणि वरून मारलेल्या हवेनं निघतही नाही. पंखा सोडवूनच ब्रशनं काढावा लागतो.

पेस्ट बदलणार असाल तर आधी मशीन दहा मिनिटं चालवा, म्हणजे जुनी पेस्ट मऊ पडते. मग वर सांगितल्याप्रमाणे वीज तोडा. इंटेलच्या सोबत आलेल्या कूलरला चार प्लास्टिकच्या खुंट्या असतात. वरच्या बाणाच्या दिशेनं पाव वळसा दिला की त्या सुटतात. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि लव न सुटणाऱ्या कापडानं पुसा. कापसाचे धागे मागे राहतात. नवी पेस्ट मधोमध, तुरीच्या अख्ख्या दाण्याएवढी. बोटानं पसरवत बसू नका, कूलरच्या दाबानं ती पसरते. बसवताना चारही खुंट्या मूळ जागी फिरवून घ्या आणि समोरासमोरच्या जोडीनं ‘टक्’ आवाज येईपर्यंत दाबा. नंतर बोर्डाच्या मागून बघा, चारही टोकं बाहेर आली पाहिजेत. पेस्ट बदलल्यावर तापमान उलट वाढलं अशी जी पत्रं येतात, त्यांत बहुतेकदा एक खुंटी अर्धवट बसलेली असते. पंख्याची वायर बोर्डावर ‘सीपीयू फॅन’ लिहिलेल्या जागी परत लावायला विसरू नका.

कार्ड उघडण्याची घाई मात्र नको. आधी नुसती धूळ काढा. त्यानंतरही पत्री काढून ८३ गाठत असेल तरच त्याची पेस्ट बदला. कार्डाच्या मेमरीवर थर्मल पॅड असतात, त्यांची जाडी कार्डागणिक वेगळी असते. फाटलेल्या पॅडऐवजी जाड पॅड टाकला की हीटसिंक मुख्य चिपवर टेकतच नाही आणि कार्ड पहिल्याच गेमला बंद पडतं. पेस्ट, अल्कोहोल, १२० मिलिमीटरचा पंखा हे सगळं पुण्याच्या बुधवार पेठेत तपकीर गल्लीत मिळून जाईल. खोलीत ३० अंश असताना गेममध्ये प्रोसेसर ७०-८० आणि कार्ड ८०च्या आत राहिलं की काम झालं. त्याहून गार करायच्या मागे लागू नका.

प्रश्न: रायझन ५ २६००, बी४५० बोर्ड, ८ जीबीच्या दोन ३२०० रॅम, जीटीएक्स १६६०. महिन्याभरापासून काउंटर-स्ट्राइक २ मध्ये गर्दीच्या जागी झटके बसतात. तापमान ठीक आहे. कधीकधी मशीन सुरू होताना एफ१ दाबायला सांगतं, तारीखही भलतीच दाखवतं.
— एक वाचक, चिंचवड

उत्तर: शेवटच्या वाक्यातच उत्तर आहे. बोर्डावरचा सीआर२०३२ सेल संपलाय. तो संपला की बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारं बोर्डातलं सॉफ्टवेअर, आपली सेटिंग विसरतं. त्यात रॅमचं एक्सएमपी, म्हणजे तिला पूर्ण वेगानं चालवणारं सेटिंगही जातं आणि ३२००ची रॅम २१३३ किंवा २४००वर चालू लागते. टास्क मॅनेजरमध्ये ‘परफॉर्मन्स’, मग ‘मेमरी’, तिथं ‘स्पीड’ बघा, लगेच कळेल.

रायझनला हे जास्त झोंबतं, कारण या पिढीत कोअरच्या दोन गटांना जोडणारा आतला मार्ग रॅमच्याच वेगाशी बांधलेला असतो. रॅम मंदावली की प्रोसेसरचं आतलं दळणवळणही मंदावतं. सरासरी फारशी पडत नाही, पण धूर, गोळीबार, दहा खेळाडू एकत्र अशा वेळी झटके बसतात. म्हणून सरासरी एफपीएसपेक्षा ‘१ टक्का लो’, म्हणजे सगळ्यात मंद क्षणांतला एफपीएस, हा आकडा बघायची सवय लावा. आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये तो पडद्यावर आणता येतो.

सेल बदलणं सोपं आहे. वीज तोडा. बऱ्याच बोर्डांवर सेल कार्डाच्या खाली असतो, तिथं आधी कार्ड काढावं लागतं. स्लॉटच्या टोकाची खिट्टी दाबल्याशिवाय ते ओढू नका. सेलच्या बाजूची क्लिप मागे ढकलली की तो उसळून वर येतो. नवा सेल अधिकची खूण वर ठेवून बसवा. मल्टिमीटर असेल तर जुना मोजून बघा, २.८ व्होल्टच्या खाली असेल तर गेलाच. मग बायोसमध्ये वेळ लावा आणि एक्सएमपी चालू करा. काही बोर्डांवर त्याला डीओसीपी किंवा ए-एक्सएमपी म्हणतात. २६०० हा प्रोसेसर अधिकृतपणे २९३३पर्यंतच आहे. ३२००वर मशीन दोन-तीनदा आपोआप चालू-बंद होऊन परत मूळ वेगावर आलं तर मुकाट्यानं २९३३ ठेवा, फरक नगण्य आहे. पंख्यांची सेटिंग आणि टीपीएम (मशीनची सुरक्षा सांभाळणारा भाग) हेही तपासा. सेल गेल्यावर टीपीएम बंद झालं असेल तर विंडोज ११वर व्हॅलोरंटसारखा गेम सुरूच होत नाही.

सेल इतक्या लवकर का संपतो? मशीनला वायरीतून वीज मिळत असेपर्यंत, बंद असतानाही, घड्याळ एसएमपीएसवर, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यावर, चालतं. आपण रोज रात्री भिंतीवरचा स्विच बंद करतो, म्हणजे रात्रभर भार सेलवर. तरी ही सवय सोडा असं आम्ही म्हणणार नाही. वळिवाच्या दिवसांत वीज कडाडते तेव्हा बंद स्विचच काय, प्लगच काढलेला बरा. सेल किरकोळ किमतीत मिळतो, बोर्ड नाही.

एक गोष्ट लक्षात घ्या: २७ सप्टेंबर २०२३ला सीएस:गो या आधीच्या काउंटर-स्ट्राइकच्या जागी सीएस२ आला आणि तो बराच जड आहे. तुलना त्याआधीच्या आकड्यांशी करत असाल तर सेल बदलून ते आकडे परत येणार नाहीत. तो खड्डा भरायचा असेल तर तुमच्या बी४५० बोर्डावर बायोस अपडेट करून रायझन ५ ५६०० बसवता येतो, आणि या बोर्डासाठी तोच शहाणपणाचा खर्च आहे. बायोस अपडेट अर्ध्यात वीज गेली तर बोर्ड मरू शकतो. तेव्हा यूपीएसवरच करा, आणि गुरुवारी देखभालीसाठी वीज जाणाऱ्या भागात राहत असाल तर वार बघून करा.

प्रश्न: घर बदललं. सामान लावल्यापासून तेच मशीन, तोच गेम, १२-१५ एफपीएस. वाटेत कार्ड खराब झालं का?
— एक वाचक, हडपसर

उत्तर: आधी मागे वाकून बघा. मॉनिटरची एचडीएमआय वायर वरच्या बाजूला, यूएसबीच्या शेजारी लागली आहे का? मग चित्र प्रोसेसरमधल्या तुटपुंज्या ग्राफिक्सवरून येतंय. ती खाली कार्डाच्या आडव्या पट्टीवरच्या जागी लावा. वायर बरोबर असेल तर प्रवासात कार्ड स्लॉटमधून थोडं उचललं गेलं असेल. काढून नीट बसवा, वरून येणारी पॉवरची वायर पूर्ण आत ढकला. जीपीयू-झी या सॉफ्टवेअरमध्ये ‘बस इंटरफेस’च्या शेजारचं प्रश्नचिन्ह दाबून चाचणी चालवा. कार्ड एक्स१६चं, म्हणजे सोळा पदरी जोडणीचं, असून एक्स४ किंवा एक्स१ दिसत असेल तर कार्डाच्या सोनेरी पट्ट्या अल्कोहोलनं पुसून परत बसवा.

प्रश्न: विचित्र प्रकार आहे. गेम अडखळतो म्हणून टास्क मॅनेजर उघडला की सगळं सुरळीत. बंद केला की पुन्हा अडखळतो. पाहावं तर प्रोसेसर ५-६ टक्क्यांवर.
— एक वाचक, विश्रांतवाडी

उत्तर: मशीनमध्ये कोणीतरी तुमच्या विजेवर क्रिप्टो (आभासी चलन) खणत असण्याची दाट शक्यता आहे. असे मायनर, म्हणजे चोरून खणणारे प्रोग्राम, टास्क मॅनेजर उघडलेला दिसला की गप्प बसतात. पडताळा असा: एचडब्ल्यूइन्फोची नोंद फाइलमध्ये चालू करा, सगळं बंद करून मशीन अर्धा तास तसंच सोडा आणि मग फाइल बघा. कोणी काही करत नसताना प्रोसेसर किंवा कार्ड ८०-९० टक्के भारावर असेल तर संशय पक्का. नोंद साफ आली म्हणून निश्चिंत मात्र होऊ नका. काही मायनर अशी सॉफ्टवेअरही ओळखतात.

मग विंडोज सिक्युरिटीत ‘एक्सक्लूजन्स’ची यादी उघडा. क्रॅक केलेला गेम किंवा विंडोज अ‍ॅक्टिव्हेट करणारं टूल टाकताना ‘अँटिव्हायरस बंद करा’ अशी सूचना पाळली असेल, तर तिथं तुम्ही न घातलेले फोल्डर सापडतात. ते यादीतून काढा आणि डिफेंडरचं ऑफलाइन स्कॅन चालवा. त्यासाठी मशीन रीस्टार्ट होतं आणि साधारण पंधरा मिनिटं लागतात. काही सापडलं तर सफाईवर भरवसा ठेवू नका. या एका दुखण्यात फॉरमॅट हेच खरं औषध आहे: दुसऱ्या, स्वच्छ मशीनवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून पेन ड्राइव्ह बनवा आणि विंडोजच्या ड्राइव्हवरची सगळी पार्टिशन उडवून नव्यानं टाका. ईमेल, बँक, स्टीम यांचे पासवर्ड फोनवरून बदला, या मशीनवरून नाही. आणि तोच क्रॅक परत टाकणार असाल तर ही सगळी मेहनत वाया.

प्रश्न: आय७-८७००, आरटीएक्स २०६०, कॅबिनेटसोबत आलेली ४५० वॅटची एसएमपीएस, ६०० व्हीएचा यूपीएस. गेम रंगात आला की मशीन थेट रीस्टार्ट होतं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसतं.
— एक वाचक, धनकवडी

उत्तर: ४१चा अर्थ एवढाच की वीज किंवा मशीन अचानक गेलं. का गेलं ते तो सांगत नाही, तेव्हा त्याच्यामागे लागू नका.

६०० व्हीएचे घरगुती यूपीएस बहुधा ३६० वॅटचे असतात. तुमचं कार्ड एकटं १६० वॅट घेतं, प्रोसेसर बूस्टमध्ये शंभराच्या पुढे जातो. बोर्ड, डिस्क, पंखे, मॉनिटर वेगळे. म्हणजे तुम्ही काठावर आहात, आणि यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांची झाली असेल तर व्होल्टेज जरा हललं तरी तो हात टेकतो. वादळ नसलेल्या एका संध्याकाळी मशीन थेट भिंतीच्या सॉकेटवर लावून खेळा. रीस्टार्ट थांबलं तर यूपीएस. थांबलं नाही तर एसएमपीएसवर संशय.

तिच्या स्टिकरवरचा मोठा ४५० विसरा, ‘+१२ व्ही’च्या रकान्यातले अँपिअर वाचा आणि १२नं गुणा. १८ अँपिअर असतील तर प्रोसेसर आणि कार्डाच्या वाट्याला जेमतेम २१६ वॅट. कॅबिनेटसोबत येणाऱ्या एसएमपीएसमध्ये हा आकडा पाहून डोळे उघडतात. चांगल्या कंपनीची ५५० वॅटची घ्या, १२ व्होल्टवर निदान ४० अँपिअर असलेली. ‘८० प्लस’चा शिक्का विजेची बचत सांगतो, आतल्या संरक्षणाबद्दल काही सांगत नाही. जुन्या चार पिनी वायरीला जोड देऊन कार्डाला वीज दिली असेल तर आजच काढा, तो जोड वितळतो. एसएमपीएस स्वतः उघडू नका, प्लग काढल्यावरही आतले कपॅसिटर भारलेले असतात.

कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर सॉकेटला अर्थिंग नाही. पेठांतल्या जुन्या इमारतींत हे सर्रास आढळतं. आधी वायरमनला बोलवा, नवी एसएमपीएस नंतर.

प्रश्न: मुलगा बारावीला आहे. मशीन २०१७चं: आय५-७४००, ८ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क, जीटीएक्स १०५० टीआय. जुने गेम चालतात, नवे अडकतात. मुलगा म्हणतो सगळंच बदलावं लागेल. दुकानदार म्हणतात नुसतं नवं ग्राफिक्स कार्ड टाका. कोणाचं ऐकू?
— एक आई, कोथरूड

उत्तर: दुकानदाराचं नक्की नको. आय५-७४००मध्ये चार कोअर आणि चारच थ्रेड आहेत, म्हणजे एका वेळी चारच कामं. नव्या गेममध्ये कार्ड कितीही दमदार असलं तरी ते या प्रोसेसरची वाट बघत बसेल. मुलाला एक चाचणी करायला सांगा: गेममधलं रिझोल्यूशन १०८०वरून ७२०वर आणायचं. एफपीएस चांगले वाढले तर कार्ड कमी पडतंय, जागचे हलले नाहीत तर प्रोसेसर. तुमच्याकडे बहुधा गेमगणिक दोन्ही निघतील.

मुलाच्या बाजूनंही मुद्दे आहेत. १०५० टीआय ज्या पिढीतलं आहे, तिच्यासाठी एनव्हीडियानं नव्या गेमचे नियमित ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५मध्ये थांबवले. आता ऑक्टोबर २०२८पर्यंत फक्त सुरक्षेचे अपडेट. विंडोज १०चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि विंडोज ११च्या अधिकृत यादीत सातव्या पिढीचा हा प्रोसेसर नाही. याच बोर्डावर आठव्या पिढीचा प्रोसेसरही चढत नाही. म्हणजे या मशीनला फार वर जायला वाट नाही.

पण ‘सगळंच आणि आत्ताच’ हे मात्र आम्हाला पटत नाही. नव्या गेममधली अडकाअडकी बरीचशी हार्ड डिस्क आणि ८ जीबी रॅममुळेही असते. गेम अडकतो त्या क्षणी टास्क मॅनेजरमध्ये ‘डिस्क’ १०० टक्के आणि ‘मेमरी’ ९०च्या वर दिसली तर तेच कारण. ५०० जीबीची साटा एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) घ्या, विंडोज आणि तो खेळतो ते दोन-तीन गेम तिच्यावर ठेवा, पाचवा हिस्सा रिकामा राहू द्या. ही एसएसडी पुढच्या मशीनमध्येही जाईल. रॅमचं तसं नाही. नवी मशीनं डीडीआर५ या नव्या प्रकारच्या रॅमवर आहेत, तेव्हा यासाठी नवी रॅम घेऊ नका. आताच्या रॅमच्याच वेगाची, डीडीआर४ची ८ जीबीची जुनी पट्टी मिळाली तर दुसऱ्या स्लॉटमध्ये टाका. दोन पट्ट्या झाल्या की रॅमची रुंदीही दुप्पट होते. गेममध्ये टेक्स्चर ‘मीडियम’च्या वर नकोत, कार्डावर ४ जीबीच मेमरी आहे. एवढ्यावर बारावीचं वर्ष निघेल.

पुढे पूर्ण मशीन घ्याल तेव्हा मॉनिटर, कीबोर्ड, एसएसडी ठेवा. जमलं तर कॅबिनेटही. जुनी एसएमपीएस ठेवू नका.

हे सगळं करण्याआधी क्रिस्टलडिस्कइन्फो चालवून जुन्या डिस्कची तब्येत बघा. ‘कॉशन’ लिहून आलं असेल किंवा ‘सी५’च्या ओळीत शेवटच्या रकान्यात शून्याशिवाय काही असेल, तर डिस्क वाचता वाचता अडखळते आहे. तशा डिस्कवरून विंडोजची कॉपी मारायला जाऊ नका, ती मध्येच मान टाकू शकते. आधी घरातले फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे उतरवून घ्या, आणि एसएसडीवर विंडोज कोरं टाका.